टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर लावलेली स्टिक सारखी बंद-चालू होते? आधी पॉवर तपासा

नात्यातून, सोसायटीतून, ओळखीच्यांकडून मला टीव्हीच्या स्टिकबद्दल (म्हणजे एचडीएमआयला लावून टीव्हीवर इंटरनेटवरचे सिनेमे-मॅच दाखवणारी फायर टीव्हीसारखी छोटी कांडी) जे फोन येतात, त्यांतले बहुतेक एकाच तक्रारीचे असतात. "स्टिक खराब झाली, नवी कुठली घेऊ?" टीव्हीच्या मागे हात घालून पाहिलं की स्टिकची वायर भिंतीतल्या सॉकेटकडे न जाता टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमध्ये गेलेली दिसते. स्टिक धडधाकट असते, तिला पॉवर पुरत नसते. म्हणून नवी स्टिक घेण्याआधी खालच्या गोष्टी दिलेल्या क्रमाने करून पाहा. पहिल्या काही तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

लक्षणं

टीव्ही लावला की लोगो येतो, जातो, पुन्हा येतो आणि होम स्क्रीन काही उघडत नाही. किंवा होम स्क्रीन व्यवस्थित येते, मेनूत फिरता येतं, पण सिनेमा किंवा मॅच लावली की थोड्या वेळात पडदा काळा होतो आणि परत लोगोपासून सुरुवात. हे दुसरं लक्षण फार बोलकं आहे, त्याचं कारण पुढे सांगतो.

रिमोट मधूनच काम करेनासा होतो आणि नवे सेल घालूनही तसाच राहतो. त्याच खोलीत मोबाइलला वाय-फाय चांगलं मिळतं, स्टिकला मात्र ते आहे-नाही होत राहतं. रोज टीव्ही लावला की तेच अपडेट पुन्हा सुरू होतं. काही स्टिक तर पडद्यावर स्पष्ट सूचना देतात की पॉवर अपुरी आहे, सोबत आलेला ॲडॉप्टर वापरा. घरातलं कोणीतरी ती सूचना न वाचता ओके दाबतं आणि पुढे सगळे ती विसरतात.

काही लक्षणं या दुखण्याची नाहीत. एकच ॲप बंद पडत असेल आणि बाकीची चालत असतील, तर दोष त्या ॲपमध्ये आहे. चित्रावर रंगीत ठिपके चमकत असतील, तर एचडीएमआयचं कनेक्शन सैल आहे किंवा त्याची केबल गेली आहे. घरातल्या सगळ्याच उपकरणांवर व्हिडिओ अडकत असेल, तर राउटरकडे जा.

पॉवर कमी का पडते

साध्या यूएसबी २.० पोर्टने ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर द्यावेत असा नियम आहे. म्हणजे अडीच वॉट. निळ्या जिभेच्या यूएसबी ३.० पोर्टला ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॉट. आता दुसरी बाजू पाहा. साध्या फायर टीव्ही स्टिकच्या खोक्यात ५ वॉटचा ॲडॉप्टर येतो. २०२० साली आलेल्या गूगल टीव्हीवाल्या क्रोमकास्टसोबत साडेसात वॉटचा होता. कंपनीने अडीच वॉटवर भागतं म्हटलं असतं, तर खोक्यात मोठा ॲडॉप्टर घातला नसता.

मग लोक म्हणतात, "पण चालू तर होते ना!" होते, कारण स्टिक सतत ५ वॉट खात नाही. होम स्क्रीनवर ती स्वस्थ असते तेव्हा थोडक्यात भागतं. चालू होताना, जड ॲप उघडताना, फोर-केचा व्हिडिओ चालवताना आणि त्याच वेळी वाय-फायवरून भराभर डेटा ओढताना तिची भूक एकदम वाढते. पोर्ट तेवढा करंट देऊ शकत नाही, व्होल्टेज खाली येतं आणि स्टिक स्वतःला रीस्टार्ट करते. मेनूत नीट आणि सिनेमात बंद, असं म्हणूनच होतं. बिघाड कायम दिसत नाही, अधूनमधून दिसतो. त्यामुळेच संशय स्टिकवर, इंटरनेटवर, ॲपवर, सगळीकडे जातो आणि पोर्टवर कोणाचा जात नाही.

एचडीएमआयमधून पॉवर मिळत नाही का, असंही मला बरेच जण विचारतात. नाही मिळत. एचडीएमआयमध्ये ५ व्होल्टची एक तार असते खरी, पण ती स्टिककडून टीव्हीकडे जाते आणि तिच्यात ५५ मिलिअँपिअरची हमी असते. ती तार फक्त ओळख पटवण्यापुरती आहे.

पहिली तपासणी: एक संध्याकाळ भिंतीतल्या सॉकेटवर

खोक्यातला मूळ ॲडॉप्टर आणि मूळ केबल शोधा. बहुतेक घरांत ती जोडी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते. टीव्ही आणि स्टिक दोन्ही बटणावरून बंद करा, स्टिक या ॲडॉप्टरवर लावा आणि नेहमी जे पाहता तेच नेहमीइतका वेळ पाहा. दहा मिनिटं चाललं म्हणून निकाल लावू नका. ज्या कार्यक्रमाला, ज्या ॲपवर त्रास होत होता, तेच लावा.

एवढी एकच तपासणी केलीत तरी चालेल, पण ही चुकवू नका. स्टिक, टीव्हीचा पोर्ट आणि इंटरनेट हे तीन संशयित एका संध्याकाळीत वेगळे होतात. त्रास थांबला, तर स्टिक चांगली आहे आणि दोष टीव्हीच्या पोर्टमध्ये किंवा तिथल्या केबलमध्ये आहे. तिला सॉकेटवरच राहू द्या. खरं तर इथे विषय संपतो, पुढचं वाचायची गरज नाही. त्रास तसाच राहिला, तर पुढे चला.

मूळ ॲडॉप्टर हरवला असेल, तर मोबाइलचा चांगला चार्जर चालतो. १८ किंवा ३३ वॉटचा फास्ट चार्जर लावला तर स्टिक जळेल, ही भीती खोटी आहे. फास्ट चार्जर समोरच्या उपकरणाने मागितल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही आणि करंट उपकरण आपल्या गरजेपुरताच ओढतं. उलट, जुन्या बटणांच्या फोनचा चार्जर लावू नका. त्याच्यावर "आउटपुट" या शब्दापुढे बारीक अक्षरांत ५ व्होल्ट, ५०० किंवा ७०० मिलिअँपिअर असं काहीतरी असतं, आणि मग टीव्हीचा पोर्ट सोडून फायदा काय झाला? आउटपुट निदान १ अँपिअर हवं, फोर-के स्टिकला दीड-दोन असलेलं बरं. बाजारातून नवा घेत असाल, तर त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि "आर"ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. तो क्रमांक "बीआयएस केअर" या ॲपवर टाकून पडताळता येतो. पदपथावरच्या बिननावाच्या चार्जरवर २ अँपिअर छापलेलं असलं, तरी त्यातून तेवढे निघतीलच असं नाही.

दुसरी: पोर्टजवळचं लिखाण वाचा

भिंतीत सॉकेट नाही, टीव्ही वॉल-माउंट आहे, वायर लोंबकळलेली दिसायला नको. कारणं खरी आहेत आणि टीव्हीचाच पोर्ट वापरायचा असेल तर निदान योग्य पोर्ट वापरा. मोबाइलचा टॉर्च लावून टीव्हीच्या मागच्या बाजूचं लिखाण वाचा. बऱ्याच टीव्हींना दोन पोर्ट असतात. एकावर ५ व्होल्ट ०.५ अँपिअर असं असतं, दुसऱ्यावर १ अँपिअर किंवा नुसतं "एचडीडी". हा दुसरा पोर्ट हार्ड डिस्कसाठी असल्यामुळे जास्त करंट देतो. स्टिक तिथे लावा. "सर्व्हिस" लिहिलेला पोर्ट मात्र सोडून द्या. तो मेकॅनिकसाठी असतो आणि काही टीव्हींत त्याला नीट पॉवरही नसते.

शेजारच्या पोर्टमध्ये काय लावलंय तेही पाहा. टीव्हीच्या मागे चिकटवायच्या एलईडी पट्ट्या हल्ली घरोघरी दिसतात आणि त्याही यूएसबीवरच चालतात. काही टीव्हींत दोन्ही पोर्टना मिळून एकच मर्यादा असते. पट्टी, पेन ड्राइव्ह, पंखा, जे असेल ते काढा आणि मग स्टिक चालवून पाहा.

कुठे चालेल आणि कुठे नाही, याबद्दल माझं मत सांगतो. जुनी एचडी स्टिक, १ अँपिअरचा पोर्ट आणि आखूड केबल असेल, तर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालते. २०१३चं पहिलं क्रोमकास्ट टीव्हीच्या पोर्टवर आरामात चालायचं. फोर-के स्टिक अर्ध्या अँपिअरच्या पोर्टवर लावायचा मात्र नादच सोडा. आज चालली तरी पुढच्या अपडेटनंतर कुरकुर सुरू होईल.

तिसरी: केबल

इथे मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण ॲडॉप्टर लावूनही त्रास न थांबलेल्या घरांत बहुधा दोष केबलचा निघतो.

उन्हाळ्यात खालच्या मजल्यावर नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते. टाकीत पाणी असतं, पण पाइप अरुंद असतो. केबलमध्ये अगदी तसंच होतं. पोर्टवर ५ व्होल्ट असतात, पण तार बारीक आणि लांब असली की स्टिकपर्यंत पोचेपर्यंत त्यातले काही तारेतच खर्च होतात, आणि स्टिक जितका जास्त करंट ओढेल तितके जास्त खर्च होतात.

आकडे पाहा. स्वस्त केबलमध्ये पॉवरच्या तारा बहुधा २८ गेजच्या असतात (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप). त्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. केबल २ मीटरची असेल, तर करंट जाऊन परत यायला ४ मीटर तार लागते, म्हणजे सुमारे ०.८५ ओहम. १ अँपिअर ओढला की ०.८५ व्होल्ट तारेतच गेले. पोर्टवर पूर्ण ५ असले तरी स्टिकच्या तोंडी सव्वाचारच्याही खाली. तीच केबल २४ गेजची घेतली, तर घट ०.३४ व्होल्टवर येते. केबल अर्ध्या लांबीची घेतली, तर तीही अर्धी होते.

केबलच्या वेष्टनावर बारीक अक्षरं छापलेली असतात, ती वाचा. "२८ एडब्ल्यूजी/१पी, २४ एडब्ल्यूजी/२सी" असं काहीतरी दिसेल. एडब्ल्यूजी म्हणजे गेजच. पहिला आकडा डेटाच्या तारांचा आणि दुसरा पॉवरच्या तारांचा. आपल्याला दुसरा पाहायचा आहे. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, म्हणून २४ चांगली, २२ किंवा २० त्याहून चांगली. काहीच छापलेलं नसेल, तर मूळ केबलवर परत या.

मग पिन तपासा. मायक्रो-यूएसबीची पिन वारंवार काढघाल केली की सैल होते. स्टिक चालू असताना पिन हलकेच हलवून पाहा. तेवढ्याने रीस्टार्ट झाली, तर पिन किंवा स्टिकचं सॉकेट गेलं. आधी दुसरी केबल लावा. दुसरीही तशीच सैल बसली, तर दोष सॉकेटचा.

वायर लांब न्यायचीच असेल, तर ५ व्होल्टची बाजू लांबवू नका, २३० व्होल्टची लांबवा. ५ वॉटची स्टिक ५ व्होल्टवर १ अँपिअर ओढते, पण तोच ॲडॉप्टर भिंतीतून अँपिअरचा अगदी छोटा अंशच घेतो. म्हणून चांगला एक्स्टेन्शन बोर्ड टीव्हीच्या मागे नेऊन ठेवला आणि ॲडॉप्टरपासून स्टिकपर्यंत आखूड केबल लावली, तर पॉवर वाटेत हरवत नाही. नवं घर लावणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगतो, वॉल-माउंट टीव्हीच्या मागे इलेक्ट्रिशियनकडून दोन-तीन जास्तीचे ६ अँपिअरचे सॉकेट काढून घ्या. भिंत फोडलेली असताना हे काम किरकोळ असतं, रंग झाल्यावर कोणीच तयार होत नाही.

चौथी: रोज तेच अपडेट येत असेल तर

टीव्हीच्या पोर्टवर असलेली स्टिक टीव्हीबरोबर बंद होते. म्हणजे रिमोटने टीव्ही बंद केला की थोड्या वेळात तिचाही वीजपुरवठा जातो. स्टिक मात्र आपली अपडेटं कोणी वापरत नसताना, बहुधा रात्री, उतरवून घ्यायच्या बेतात असते. ती अर्धवट राहतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतात आणि पुन्हा मोडतात. अपडेट लिहिलं जात असताना नेमकी पॉवर गेली, तर स्टिक लोगोवर कायमची अडकू शकते. या दुखण्यात खरं नुकसान होतं ते एवढंच, आणि ते टाळता येतं.

उपाय असा. ॲडॉप्टरवर लावा, सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट तपासा, उतरू द्या आणि पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. फायर टीव्हीवर "माय फायर टीव्ही" आणि मग "अबाउट" इथे हा पर्याय मिळतो. गावाकडे वीज जा-ये करत असेल, तर इन्व्हर्टरवरच्या सॉकेटला लावून करा.

काही टीव्हींच्या सेटिंग्जमध्ये "क्विक स्टार्ट" किंवा टीव्ही स्टँडबायवर असताना यूएसबीला पॉवर चालू ठेवायचा पर्याय असतो. तो लावला तर रोजचं बंद-चालू थांबतं. करंट मात्र तेवढाच राहतो. म्हणून हा उपाय फक्त अपडेटच्या आणि उशिरा चालू होण्याच्या तक्रारीवर लागू पडतो.

पाचवी: उष्णता आणि वाय-फाय

ॲडॉप्टर चांगला, केबल चांगली आणि तरी तासाभराने बंद पडते? स्टिक काढून हातात घ्या. कोमट लागणं ठीक, धरवत नसेल तर ती तापून बंद होतेय. भिंतीला चिकटलेल्या टीव्हीच्या मागे हवाच नसते आणि टीव्हीची स्वतःची उष्णताही तिथेच साचते. खोक्यात मिळालेली एचडीएमआयची छोटी एक्स्टेन्शन वायर याच कामाची. ती लावून स्टिक टीव्हीच्या कडेला आणा.

या छोट्या वायरीचा दुसरा फायदा वाय-फायला होतो. यूएसबी ३.०वर चालणाऱ्या उपकरणांमुळे वाय-फाय आणि ब्लूटूथ वापरतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ लहरींचा गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ साली मोजून दाखवलं आहे. शेजारच्या पोर्टमध्ये हार्ड डिस्क असेल, तर स्टिकचं वाय-फाय आणि ब्लूटूथ रिमोट दोन्ही त्रास देऊ शकतात. स्टिक चार बोटं लांब करा, आणि राउटर ५ गिगाहर्ट्झ देत असेल तर स्टिक त्यावर जोडा.

सहावी: यूएसबी मीटर

इथवर येऊनही उलगडा झाला नाही, तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही शे रुपयांत मिळणारा छोटा यूएसबी मीटर आणा. तो पोर्ट आणि केबल यांच्यामध्ये लागतो आणि व्होल्टेज व करंट दाखवतो. स्टिकवर फोर-केचा व्हिडिओ लावून आकडे पाहा, होम स्क्रीनवरचे आकडे उपयोगाचे नाहीत. पोर्टवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. व्हिडिओ सुरू होताच आकडा ४.७५च्या खाली घसरला, तर पोर्ट किंवा ॲडॉप्टर कमी पडतोय. आकडा ५ला स्थिर आहे आणि तरी स्टिक बंद होतेय, तर घट केबलमध्ये आहे. मीटर केबलच्या अलीकडे बसलेला असल्यामुळे ती त्याला दिसत नाही.

सातवी: फॅक्टरी रीसेट

हा उपाय मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. लोक सगळ्यात आधी हेच करतात आणि मग सगळे पासवर्ड पुन्हा टाकत बसतात. त्याआधी साधा रीस्टार्ट करा. फायर टीव्हीच्या रिमोटवर मधलं गोल बटण आणि प्ले-पॉज ५ सेकंद एकत्र दाबून धरलं की होतो. तेवढ्याने भागलं नाही, तर बॅक आणि उजवीकडचं बटण १० सेकंद एकत्र दाबून रीसेट सुरू करता येतो. रीसेट करताना स्टिक टीव्हीच्या पोर्टवर अजिबात नको. अर्ध्यात पॉवर गेली तर चांगली स्टिक हातची जाईल.

ॲडॉप्टर, चांगली केबल, गारवा आणि रीसेट एवढं सगळं होऊनही लोगोच फिरत राहिला, तर स्टिक खरोखर गेली आहे. वॉरंटी असेल तर बदलून घ्या. ती उघडून दुरुस्त करण्याची वस्तू नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

टीव्हीच्या यूएसबी पोर्टमध्ये साधा पेन ड्राइव्हही चालत नसेल, तर पोर्ट किंवा त्यामागचा भाग गेला आहे. आधी टीव्हीची पिन भिंतीतून काढून थोडा वेळ तशीच राहू द्या आणि पुन्हा लावून पाहा, कारण जास्त करंट ओढला गेला की काही पोर्ट स्वतःला बंद करून घेतात. तरीही मेलेला असेल तर टीव्ही मेकॅनिक. मागचं झाकण स्वतः उघडू नका. टीव्हीच्या पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो काही वेळ राहतो. हातात स्क्रू-ड्रायव्हर असलेल्या हुशार माणसालाही तो सोडत नाही.

ॲडॉप्टर किंवा पोर्टजवळ जळका वास आला, प्लास्टिक पिवळं-काळं पडलं किंवा सॉकेटमधून तडतड ऐकू आली, तर बोर्डाचं बटण बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत लावू नका. विजांच्या कडकडाटानंतर यूएसबी आणि एचडीएमआय दोन्ही एकदम गेले असतील, तर पोर्ट बदलून भागत नाही, बोर्ड तपासावा लागतो.

टीव्हीच्या धातूच्या भागाला, एचडीएमआयच्या पिनेला किंवा डिशच्या वायरीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ते किरकोळ समजू नका. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तोवर स्टिक, सेट-टॉप बॉक्स किंवा डिशची वायर चालू टीव्हीला काढू-घालू नका, सगळी बटणं बंद करूनच हात लावा. याच गळतीच्या करंटने एचडीएमआय पोर्ट जळतात.

मेकॅनिकला फोन करताना "स्टिक चालत नाही" एवढंच सांगू नका. ॲडॉप्टरवर चालते का, पेन ड्राइव्ह चालतो का, दुसऱ्या टीव्हीवर स्टिक चालते का, ही तीन उत्तरं तयार ठेवा. म्हणजे कुठला भाग सोबत आणायचा हे त्याला निघण्याआधीच कळेल आणि दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतील.